अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. दुखणे आहे, वैद्यही घरचाच आहे. पण दाखवावयाचे कसे? ह्या एका अडचणीत वैद्यकाच्या इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण साठविलेले आहे आणि त्या प्रकरणाविषयी आज बोलावयाचे आहे. विषय आहे जननेंद्रियावर आणि गुदद्वाराभोवती येणाऱ्या चामखिळींचा. आकाशवाणीचा आवाज घरातील वडीलधाऱ्यांच्या आणि मुलाबाळांच्या कानी एकाच वेळी पडतो, हे लक्षात घेता वक्त्याला थोडा संकोच वाटला तर श्रोते तो समजून घेतील.

हा संकोच आजचा नव्हे. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. सहाव्या भागात गुह्यांगांच्या विकारांपाशी येताच त्याची लेखणी अडखळते. ग्रीकांनी ह्या अवयवांसाठी वापरलेले शब्द रूढ होऊन गेले आहेत, पण आमच्या लॅटिनमधील शब्द सभ्य माणसाच्या तोंडी शोभणारे नाहीत. तेव्हा मर्यादाही सांभाळावयाची आणि शास्त्रही सांगावयाचे हे काम कठीण आहे, अशी कबुली तो देतो. पण तेथेच थांबत नाही. जे दुखणे दुसऱ्याला दाखवावयास माणूस सर्वांत नाखूष असतो, त्याचेच उपचार लोकांना विशेषेकरून ठाऊक असले पाहिजेत, असे म्हणून तो सरळ विषयाला हात घालतो. मीही त्याचाच आधार घेतो.

मी वैद्य नव्हे. इतिहासाची पदवी घेऊन सरकारी नोकरीत आलेला आणि फायलींमधून माणसे ओळखू लागलेला गृहस्थ आहे. ह्या विषयाकडे माझे लक्ष गेले तेही एका रजेच्या अर्जामुळे. काही वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना कचेरीतील एक तरुण कारकून मूळव्याधीचे कारण देऊन पुन्हा पुन्हा रजा घेई. गावातील एका नामफलक नसलेल्या वैदूने त्याच्या 'मोडां'वर प्रथम चुना लावला, मग बिब्बा लावला; कातडी भाजून निघाली, ताप भरला, आणि मग कोठे तो शल्यवैद्याकडे गेला. शल्यवैद्याने पाहताक्षणी सांगितले की, ही मूळव्याध नव्हे, चामखिळी आहेत, आणि त्या एका विषाणूपासून येतात. विषाणू बहुधा शरीरसंबंधातून लागतो. कारकून माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आजाराविषयी तो काही बोललाच नाही. "साहेब, घरी बायकोला काय सांगू?" एवढेच त्याने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते.

प्रथम नावाचा विचार करू. चामखीळ हा शब्द संस्कृतातील 'चर्मकील' ह्या शब्दापासून आलेला आहे. चर्मकील म्हणजे कातडीचा खिळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दुसऱ्या अध्यायात हा चर्मकील आपल्याला भेटतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो अध्याय अर्शांचा, म्हणजे आपण ज्याला मूळव्याध म्हणतो त्याचा आहे. सुश्रुताच्या लेखी अर्श म्हणजे मांसाचा कोंब. तो गुदद्वारी येईल तसा पुरुषाच्या आणि स्त्रीच्या जननेंद्रियावरही येईल. जननेंद्रियावरील कोंबांचे वर्णन करताना त्याने ते मऊ, ओलसर, दुर्गंधीयुक्त आणि छत्रीच्या आकाराचे असतात असे म्हटले आहे. त्यांतले नेमके किती आजच्या अर्थाने चामखिळी होत्या हे ठरविण्याचे साधन नाही. तथापि ते वर्णन आजच्या त्वचारोगतज्ज्ञाला अनोळखी वाटणार नाही. माझ्या कारकुनाची आणि त्याच्या वैदूची गफलत ही अशी फार जुन्या घराण्यातील आहे.

अर्शांवर सुश्रुताने चार उपाय सांगितले: भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र. कोणता उपाय कोठे, ह्याचाही विवेक केला. नुकतेच उद्भवलेले आणि फारसा उपद्रव नसलेले असतील तर औषध. मऊ, पसरलेले, खोल गेलेले असतील तर क्षार. खरखरीत, स्थिर, जाड आणि कठीण असतील तर अग्नी. बारीक देठाचे, वर आलेले, ओलसर असतील तर शस्त्र. क्षार लावण्याचे त्याचे वर्णन तर एखाद्या दक्ष अधिकाऱ्याने लिहिलेल्या नियमावलीसारखे आहे. रोग्याला कसे निजवावयाचे, गाईच्या सडासारखे यंत्र कसे बसवावयाचे, क्षार लावल्यावर यंत्राचे तोंड हाताने झाकून शंभर मात्रा उच्चारण्याइतका वेळ कसे थांबावयाचे, हे सारे त्यात आहे. कोंबाला पिकलेल्या जांभळाचा रंग आला म्हणजे काम झाले असे समजावयाचे. मग कांजी, दह्याची निवळ किंवा आंबट फळांचा रस ह्यांनी तो भाग धुवावयाचा, म्हणजे क्षाराची दाहकता मरते. पुढचा कोंब सात दिवसांनंतर.

आता आजच्या रुग्णालयात काय चालते ते पाहा. तेथे क्षाराऐवजी आम्ल आहे. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड ह्या तीव्र आम्लाचे शेकडा ८० ते ९० प्रमाणाचे द्रावण काडीने अगदी थोडे चामखिळीवर टेकवितात. जांभळाच्या रंगाऐवजी येथे हिमासारखा पांढरा थर दिसला की काम झाले. आम्ल जास्त पडलेच तर ते मारण्यासाठी खाण्याचा सोडा लावतात, आणि पुढचा लेप आठवड्यानंतर. सुश्रुत क्षार लावून आंबटाने शमवीत असे. आजचा वैद्य आंबट लावून क्षाराने शमवितो. दोघांमध्ये देणेघेणे काही नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. नाहीतर आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, ह्या सोयीच्या समजुतीला आणखी एक टेकू मिळावयाचा. साम्य आहे ते अडचणीतले आहे. कातडीवर उगवलेली वस्तू शेजारच्या नाजूक कातडीला धक्का न लावता नाहीशी करावयाची, ही अडचण दोघांपुढे एकच होती. ती वस्तू मुळात का उगवली, हे मात्र सुश्रुताला ठाऊक असणे शक्य नव्हते.

रोममध्ये ह्या गाठींना अंजीर म्हणत, आणि तेथे त्यांच्या वाट्याला वैद्यकापेक्षा विनोदच अधिक आला. मार्शल ह्या कवीने एका कुटुंबातील झाडून सगळ्यांना असे अंजीर लागल्याची थट्टा केली आहे. जुव्हेनलच्या एका उपहासकाव्यात तर गाठी कापणारा वैद्यच गालात हसतो. रोग्याचे आचरण त्याच्या गाठींवरून ओळखावयाचे, ही रीत येथूनच चालत आलेली दिसते. पुढील कित्येक शतके ह्यात सांगण्यासारखी भर पडली नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाने धुमाकूळ घातला आणि गुह्यांगाची सारी दुखणी त्या एका रोगाच्या खाती जमा झाली. १७९३ मध्ये एडिंबरोच्या बेंजामिन बेलने परमा आणि उपदंश हे दोन वेगळे रोग असल्याचे मांडले, तेव्हा चामखिळींची बदली उपदंशाच्या खात्यातून परम्याच्या खात्यात झाली, इतकेच. सरकारी माणसाला ही पद्धत चांगली ओळखीची आहे: ज्या बाबीला स्वतंत्र शीर्ष नाही, ती कोठल्यातरी जुन्या शीर्षाखाली ढकलावयाची.

कायद्यानेही हेच केले. हिंदुस्थान सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला आणि वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू केली. तपासणी स्त्रियांची, ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते गोरे शिपाई मात्र त्या सक्तीच्या बाहेर. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण ह्या रोगांत दोषी कोण हे तपासण्यापूर्वीच ठरलेले असते, ही दृष्टी कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

कारणाचा शोध १९०७ मध्ये लागू लागला. जुझेप्पे च्युफो नावाच्या इटालियन डॉक्टरने साध्या, हातावरच्या चामखिळींचा अर्क जंतूही अडकून पडतील अशा गाळणीतून गाळला आणि तो स्वतःच्याच कातडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखीळ आली. गाळणीतून पार जाणारे हे काहीतरी जंतूहून सूक्ष्म होते; त्यालाच आपण विषाणू म्हणतो. जननेंद्रियावरील चामखिळींचा विषाणू प्रत्यक्ष ओळखण्यास मात्र पुढे सत्तर वर्षे लागली. तोवर उपचार पुढे जात राहिले, आणि त्यांतील एकाची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

उत्तर अमेरिकेच्या रानात पोडोफायलम नावाची छत्रीसारख्या पानांची एक वनस्पती आहे. तेथील मूळ रहिवासी तिच्या मुळ्या जुलाबासाठी आणि जंतांवर वापरीत. गोऱ्यांनी ते औषध उचलले आणि १८२० मध्ये अमेरिकेच्या पहिल्या अधिकृत औषधसंहितेत त्याला स्थान मिळाले. तिच्या राळेला पोडोफायलिन म्हणतात. जुलाबाचे औषध म्हणून ते फारच जहाल, म्हणून १९४२ मध्ये त्याला औषधसंहितेतून अर्धचंद्र मिळाला. आणि नेमक्या त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्सच्या कॅप्लान ह्यांनी लिहिले की, हीच राळ तेलात कालवून वरून लावली असता जननेंद्रियावरील चामखिळी काही दिवसांत गळून पडतात. महायुद्ध चालू होते. सैन्यात हा विकार पुष्कळ. तोपर्यंत त्यासाठी शिपायाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे लागे आणि तो खाटेवर पडून राही. १९४४ मध्ये कल्प आणि कॅप्लान ह्यांनी दोनशे रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि हे औषध जगभर गेले. १९४६ मध्ये किंग आणि सलिव्हन ह्यांनी दाखविले की पोडोफायलिन पेशींचे विभाजन अर्ध्यावर रोखून धरते. वाढणे हाच ज्या पेशींचा उद्योग, त्यांनाच ते प्रथम मारते. ह्याच धाग्यावरून पुढे एटोपोसाइड हे कर्करोगावरील औषध तयार झाले.

आपल्या हिमालयात ह्या वनस्पतीची एक बहीण आहे. काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत उंच डोंगरउतारांवर ती उगवते. पहाडी लोक तिला बनककडी म्हणतात. तिच्या राळेत पोडोफायलोटॉक्सिन हे खरे कार्यकारी द्रव्य अमेरिकन बहिणीपेक्षा कितीतरी अधिक असते. साहजिकच मुळ्या खणून काढणाऱ्यांची रीघ लागली, रोप वाढावयास वर्षानुवर्षे लागतात, आणि १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्याची पाळी आली. त्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध केलेले पोडोफायलोटॉक्सिन रोग्याने घरी स्वतः लावण्यासाठी मान्य झाले: दिवसातून दोनदा, तीन दिवस लावावयाचे आणि चार दिवस थांबावयाचे. मला स्वतःला ह्या विकाराच्या उपचारांतील ही मोठी पायरी वाटते. औषधात नवे काही नव्हते, पण दर आठवड्याला परक्या माणसासमोर वस्त्र दूर करण्याची शिक्षा तिने टाळली. गरोदर स्त्रीने मात्र ह्या औषधाला शिवावयाचे नाही, हे येथेच सांगितले पाहिजे.

अग्नीच्या जागी विजेची सुई आली, नंतर लेसर आला. शस्त्राच्या जागी बारीक कात्री. सुश्रुताच्या यादीत नसलेला एकच उपाय नव्याने आला, तो शीताचा. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कँबेल व्हाइट ह्यांनी द्रवरूप हवा चामखिळींवर वापरली, आणि १९५० मध्ये ॲलिंग्टन ह्यांनी तिच्या जागी उणे १९६ अंश उष्णतामानाचा द्रवरूप नायट्रोजन कापसाच्या बोळ्याने लावला. आज मोठ्या रुग्णालयांत तो सर्रास वापरतात. १९९७ मध्ये अमेरिकेत इमिक्विमॉड हे मलम मान्य झाले. ते स्वतः चामखिळीला जाळीत नाही. शरीराच्याच संरक्षक पेशींना जागे करून तिच्यावर सोडते. ह्यांतील कोणताही एक उपाय सर्वांत श्रेष्ठ असे वैद्य म्हणत नाहीत. चामखिळी किती, कोठे, केवढ्या, रोगी दवाखान्यापासून किती दूर, हे पाहून निवड होते. गुदद्वाराच्या आत असतील तर घरी लावण्याची औषधे चालत नाहीत, तेथे शल्यवैद्यच हवा. आणि उपाय कोणताही असो, पहिल्या काही महिन्यांत त्या पुन्हा उगवण्याचा संभव राहतोच. कारण आपण काढतो तो कोंब, विषाणू आसपासच्या वरकरणी निरोगी कातडीत शिल्लक असू शकतो. उलट, काहींच्या चामखिळी काही न करताही आपोआप जातात. वैदूची कीर्ती बहुधा अशाच रोग्यांवर उभी असते.

हा विकार संसर्गाचा आहे हे पक्के झाले ते १९५४ मध्ये, आणि तेही मोठ्या करुण रीतीने. बॅरेट, सिल्बार आणि मॅकगिन्ली ह्या तीन अमेरिकन डॉक्टरांनी कोरिया आणि जपानमधून परतलेल्या शिपायांच्या २४ बायकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नवरा घरी आल्यानंतर चारसहा आठवड्यांनी ह्या स्त्रियांना चामखिळी आल्या होत्या. नवऱ्यांना परदेशी असताना त्या झालेल्या होत्या. शास्त्राला पुरावा मिळाला; त्या २४ घरांत पुढे काय झाले, ह्याविषयी वैद्यकीय मासिकात काही लिहिण्याची रीत नसते.

त्यानंतरचे काम जर्मनीत झाले. १९८० मध्ये गिसमन आणि हॅराल्ड त्सूर हाउझेन ह्यांनी जननेंद्रियावरील चामखिळीतून विषाणूचा सहावा प्रकार वेगळा केला. पुढे अकरावा सापडला. ह्या दोघांमुळेच शेकडा ९० चामखिळी होतात, आणि हे दोघे सहसा कर्करोग करीत नाहीत. पण त्याच घराण्यातील सोळावा आणि अठरावा प्रकार गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण होतात, हेही त्सूर हाउझेन ह्यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये दाखविले. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चामखिळींच्या नादी लागलेला माणूस कर्करोगाच्या मुळाशी पोहोचला.

ह्या संशोधनातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि ती मला माझ्या कारकुनासाठी हवी होती. विषाणू शिरला की चामखीळ लगेच येतेच असे नाही. महिने जातात, कधी वर्षेही जातात. कित्येकांना ती कधीच येत नाही आणि तरीही विषाणू दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून आज उगवलेल्या चामखिळीवरून तो कोणी, कोणाला, केव्हा दिला हे सांगता येत नाही. विवाहापूर्वीचे, विवाहानंतरचे, त्याचे, तिचे, काहीच ठरत नाही. न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही, मग स्वयंपाकघरात तरी का टिकावा? हे मी वाचले तोपर्यंत त्या कारकुनाची बदली झालेली होती. पत्रात लिहिण्याची ती गोष्ट नव्हे, म्हणून लिहिलेही नाही. लिहावयास हवे होते, असे आता वाटते.

कोंब काढीत बसण्यापेक्षा तो उगवूच न देणे हा मार्ग २००६ मध्ये खुला झाला. त्या वर्षी सहा, अकरा, सोळा आणि अठरा ह्या चारही प्रकारांवरील लस अमेरिकेत मान्य झाली. आधीच झालेल्या चामखिळी ती बऱ्या करीत नाही; विषाणूची गाठ पडण्यापूर्वी ती टोचावी लागते. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये ती शाळेतील मुलींना सरकारी खर्चाने देण्यास प्रारंभ केला. त्या देशातील लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत २००७ मध्ये एकवीस वर्षांखालील तरुणींपैकी शेकडा ११.५ जणींना चामखिळी आढळत. २०११ मध्ये ते प्रमाण शेकडा ०.८५ वर आले. त्याच वयाच्या, स्त्रियांशी संबंध असलेल्या तरुणांतही ते शेकडा १२.१ वरून २.२ वर उतरले, आणि मुलांना तर तोवर सरकारी योजनेत लस दिलेलीच नव्हती; ती २०१३ मध्ये आली. मुलींनी टोचून घेतले आणि मुले वाचली. १८६८ च्या कायद्याचे कर्ते हे आकडे पाहावयास हवे होते.

आपल्याकडे आगगाडीतून जाताना रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोगांच्या खात्रीलायक इलाजाच्या जाहिराती कोणी वाचल्या नाहीत? सरकारी रुग्णालयांनी आपल्या ह्या विभागाला पुढे 'सुरक्षा क्लिनिक' असे नाव दिले. नावातील 'गुप्त' गेले हे बरे झाले. लसही आता दूर राहिलेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला जुलै २०२२ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. नऊ ते सव्वीस वर्षे वयाच्या मुलींसाठी आणि मुलांसाठीही ती आहे, आणि तिच्यात ते चारही प्रकार आहेत. म्हणजे अर्धी लस कर्करोगावर आणि अर्धी चामखिळींवर आहे. तिचे नाव 'सर्व्हावॅक' ठेवले आहे. गर्भाशयाच्या मुखाला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून ते पाडले. चामखिळींचा उल्लेख नावात नाही, बातम्यांतही मला क्वचितच आढळला.